ती हट्ट करत नाहीये, तिचं तोंड दुखतंय

«मावशी, माझी मुलगी अडीच वर्षांची. चार दिवसांपूर्वी ताप आला, मग तळहात, तळपाय आणि कुल्ल्यांवर फोड. डॉक्टर म्हणाले, हँड फूट माउथ आहे, आपोआप बरं होईल. आता ताप उतरलाय, पण ती काही खात नाही. काल भरवताना तिने वाटी उडवली आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडत रडत माझ्याच कुशीत शिरली. घरात जावेचं आठ महिन्यांचं बाळ आहे. जाऊ माझ्याशी बोलत नाहीये. पाळणाघरात ठेवली म्हणून हे झालं, असं सगळे म्हणतात. मी वाईट आई आहे का? – अपराधी आई»

अगं, नाही. तुझं पत्र वाचताना मला तो धपाटा नाही, त्यानंतर ती तुझ्याच कुशीत शिरली ते दिसलं. आज तिला जवळ घे आणि ‘आईचं चुकलं’ म्हण. अडीच वर्षांच्या मुलीला ते कळतं.

आता तिच्या तोंडाचं बघू. उजेडाकडे तोंड करून तिला ‘आ’ करायला सांग. जिभेवर, गालाच्या आत, घशाजवळ लाल कडांचे, मधे पांढरट-पिवळे व्रण दिसतील. फोड फुटून झालेले आहेत ते. आपल्याला एक तोंड आलं तरी जेवण नको होतं, तिला तर अशी कितीतरी आली आहेत. तिने वाटी उडवली ती दुखतंय म्हणून.

त्यामुळे दोन-चार दिवस जेवणाचा नाद सोड. वजन जरा उतरेल, नंतर भरून येईल. सांभाळायचं आहे ते पाणी. डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल पाजलंस की अर्धा तास थांब, दुखणं जरा कमी झालं की गार पाणी किंवा गार दूध दे. एका दमात पेलाभर पाजू नकोस, दर पाच-दहा मिनिटांनी दोन चमचे. बाटली चोखताना जास्त दुखतं, पेला किंवा चमचा बरा. आंबट, खारट, तिखट, गरम काही नको. अॅस्पिरिन मुलांना कधीच द्यायचं नाही, आणि तोंड बधिर करणारं जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नकोस. हा विषाणूंचा आजार आहे, अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. अंगावरचे फोड फोडू नकोस.

शी-शूवर मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, जीभ कोरडी पडली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. झोपेत पुन्हा पुन्हा दचकणं, हातपाय झटकणं, चालताना झोक जाणं, गुंगी, सारख्या उलट्या, श्वास जोरात चालणं किंवा ताप पुन्हा चढणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. असं क्वचितच होतं. बहुतेक मुलं सात ते दहा दिवसांत बरी होतात.

जावेबद्दल. तिची भीती खरी आहे गं, आठ महिन्यांचं बाळ आहे तिचं. तिच्याशी भांडू नकोस, तूच जाऊन सांग की मी काय काय काळजी घेते आहे. पेला, चमचा, टॉवेल वेगळे. तोंडात घातलेली खेळणी बाळाजवळ नकोत. पहिल्या आठवड्यात संसर्ग सर्वांत जास्त पसरतो, पण विषाणू शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो, म्हणून तिची शी धुतल्यावर साबणाने हात धुणं पुढेही चालू ठेव. सॅनिटायझरवर विसंबू नकोस, या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. पाळणाघरात परत पाठवताना ताप नाही, नवे फोड नाहीत आणि ती खेळती आहे, एवढं बघ आणि तिथल्या बाईंना आधी विचार.

आणि पाळणाघरात ठेवली म्हणून, हे मला अजिबात पटत नाही. लागण झाल्यावर तीन ते सहा दिवसांनी लक्षणं दिसतात, त्यामुळे ती कुठून झाली हे नेमकं सांगता येत नाही. मोठ्या माणसांना तर पुष्कळदा काहीच दिसत नाही, तरी त्यांच्याकडून मुलांना लागतो. घरी ठेवली असती तरी तिला हा आजार होऊ शकला असता. कुणी लाळ्या-खुरकुताशी याचं नातं जोडलं तर सांग, जनावरांचा तो आजार वेगळा, त्याचा विषाणू वेगळा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या मुलाच्या वेळी मी फार घाबरले होते. बरं झाल्यावर काही आठवड्यांनी तिच्या बोटांची नखं मुळापासून सुटून येऊ शकतात. त्याच्या अंगठ्याचं नख माझ्या हातात आलं होतं. दुखत नाही, उपचार लागत नाहीत. खाली नवं नख आलेलं असतं.

– मावशी