'गव्हाणीतला प्रकाश' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: नाताळच्या एका शुभेच्छापत्रात 'गव्हाणीतला प्रकाश' असे शब्द वाचले. गव्हाण म्हणजे गोठाच ना? आणि हा प्रयोग बायबलमधला आहे का?

आधी गव्हाण. ती म्हणजे गोठा नव्हे. गोठ्यात गुरे बांधतात, गव्हाणीत त्यांच्यापुढे वैरण टाकतात. फळ्यांची, दगडामातीची, हल्ली सिमेंटचीही असते. गुरांनी चाटून-घासून तिच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. संस्कृतात याच वस्तूला गवादनी म्हणतात: गो आणि अदन, म्हणजे गुरांच्या खाण्याची जागा. मराठीत शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'गव्हाणीत', 'गव्हाणात' नाही. वसईकडे नाताळात गोठा करतात तो अख्खा देखावा. त्यात बाळ ठेवतात ती गव्हाण.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानात येशूच्या जन्माच्या प्रसंगी गोठ्याचा उल्लेखच नाही. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवले, एवढेच लूक सांगतो. गोठा आपण गव्हाणीवरून ताडला. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन गुहा म्हणतो, आणि बेथलेहेमात जन्मस्थान म्हणून आजही गुहाच दाखवतात. देखाव्यात बैल आणि गाढव आले ते जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून. तिथे बैल धन्याला आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखते; देवाची प्रजा मात्र देवाला ओळखत नाही.

आता प्रकाश. लूकच्या वर्णनात त्या रात्री तेज फाकते ते रानात, मेंढपाळांभोवती. ते घाबरून जातात. आणि त्यांना खूण काय मिळते? 'बाळंत्याने गुंडाळलेले व गव्हाणीत ठेवलेले' बालक. गव्हाणीपाशी उजेड होता असे लूक कुठेच म्हणत नाही. स्वर्गीय तेज डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांना देव वैरणीच्या जागी पाठवतो, हे मला या कथेतले सर्वांत मोठे वाटते. पुढे यरुशलेमच्या मंदिरात शिमोन त्याच बाळाला हातांवर घेऊन राष्ट्रांसाठीचा प्रकाश म्हणतो. 2 फेब्रुवारीच्या सणाला मेणबत्त्या आशीर्वादित करतात त्या यावरूनच. योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाण नाहीच. त्याच्याकडे आहे तो अंधारात प्रकाशणारा, अंधाराला आवरता न येणारा प्रकाश.

म्हणजे हा प्रयोग जसाच्या तसा बायबलमध्ये नाही. लूकची गव्हाण आणि योहानाचा प्रकाश त्यात एकत्र आले आहेत. ही जोड जुनी आहे. चौदाव्या शतकात स्वीडनची संत बिर्गिट्टा बेथलेहेमला गेली. तिथे तिला दर्शन घडले, त्यात बाळाच्या तेजापुढे मरियेचा पती योसेफ याच्या हातची मेणबत्ती फिकी पडली. चित्रकारांनी ते उचलले. पंधराव्या शतकाच्या अखेरचे, डच चित्रकार गेर्टगेनचे एक छोटे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात मरियेचा चेहरा आणि चिमुकले देवदूत उजळतात ते गव्हाणीतल्या बाळाच्या उजेडाने. मागे दूर टेकडीवर मेंढपाळांची शेकोटी आहे आणि वर तेजस्वी देवदूत. लूक आणि योहान तिथे एकाच चित्रात आले आहेत.

तेव्हा 'गव्हाणीतला प्रकाश' खुशाल लिहा. 'गोठ्यातला प्रकाश' व्याकरणाने चुकीचा नाही, पण त्यात खाण्याची जागा निसटते. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर, आणि तिथे जन्मलेला येशू योहानाच्या सहाव्या अध्यायात स्वतःला जीवनाची भाकर म्हणवतो.