पाच वर्षांचा बीकॉम एलएलबी करावा, की आधी बीकॉम आणि मग एलएलबी?

तुमचा प्रश्न असा आहे: बारावी कॉमर्स झाली, अकाउंट्समध्ये गुण चांगले आहेत, वकिली करावीशी वाटते, पण सीएचाही विचार सुटत नाही. घरात कुणी वकील नाही. मग पाच वर्षांचा बीकॉम एलएलबी घ्यावा, की नेहमीचं बीकॉम करून नंतर तीन वर्षांचा एलएलबी?

मी हा पाच वर्षांचा कोर्स केला आहे. मूळची इचलकरंजीची, आता पुण्यात वकिली करते. व्यापाऱ्यांची वसुली, भागीदारीतले वाद, कंपनी कायदा आणि थोडं कराचं काम, असं माझं रोजचं असतं. माझ्याही घरात आधी कुणी वकील नव्हतं.

उत्तर आधीच सांगून टाकते. वकीलच व्हायचं हे मनाशी पक्कं असेल तर पाच वर्षांचा कोर्स घ्या. मन अजून सीएकडे ओढत असेल तर बीकॉम आणि सीए आधी, एलएलबी नंतर.

एक वर्ष वाचतं (पाच विरुद्ध सहा), हे सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांचे नियम ठरवणारी संस्था) २००८ च्या नियमांतला एक नियम. इंटिग्रेटेड, म्हणजे दोन पदव्या एकत्र असलेला, कोर्स मधेच तोडून एक पदवी देता येत नाही, आणि पदवीधर आहे म्हणून मधल्या वर्षात प्रवेशही मिळत नाही. म्हणजे तीन वर्षं झाल्यावर ‘कायदा काही जमत नाही, बीकॉम घेऊन बाहेर पडते’ असं म्हणायची सोय नाही. दहाही सेमिस्टर पार केली तर दोन्ही पदव्या. मधे सोडलं तर हातात बारावीचीच मार्कशीट. नव्या शैक्षणिक धोरणात मधून बाहेर पडता येतं असं ऐकून बरेच पालक इथेही तेच गृहीत धरतात. तसं धरू नका.

सीएचं म्हणाल, तर अडचण परीक्षेची नाही, आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या प्रशिक्षणाची आहे. २०२३ च्या नव्या योजनेत ती तीनवरून दोन वर्षांवर आली, पण ती पूर्ण वेळेची असते. लॉ कॉलेजला दर विषयाला ७० टक्के हजेरीचा नियम आहे, वर पाच वर्षांत मिळून किमान २० आठवडे इंटर्नशिप. दोन्ही एकदम ओढणारे पाहिले आहेत. एका ठिकाणी तरी नुसती सही उरते. बीकॉमला मात्र सीएची सोबत वर्षानुवर्षं जमत आली आहे. सीएस वेगळं. कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास माझ्या वर्गात बऱ्याच जणांनी कॉलेज सांभाळून केला, कारण कंपनी कायदा दोन्हीकडे लागतोच.

आता या कोर्समधलं कॉमर्स. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण बहुतेक मुलं पहिल्या दोन वर्षांतले फायनान्शियल अकाउंटिंग, कॉस्टिंग, ऑडिटिंगचे पेपर ‘एकदाचे सुटले’ म्हणून सोडून देतात. मूट कोर्ट (सरावाचे लुटुपुटूचे खटले), घटना, फौजदारी कायदा यांतच सगळा जीव. कॉलेजंही पुष्कळदा तसंच शिकवतात: अकाउंट्सचे सर वेगळे, कॉन्ट्रॅक्टच्या मॅडम वेगळ्या, आणि दोघांची गाठ फक्त स्टाफरूममध्ये. खरं कौशल्य या दोन विषयांच्या सांध्यात आहे. तो सांधा कसा असतो, ते माझ्या रोजच्या कामातलं दाखवते.

सूत विकणारा व्यापारी फाइल घेऊन येतो. त्यात बिलं, डिलिव्हरी चलनं, टॅलीतून काढलेला खात्याचा उतारा. म्हणतो, ‘मॅडम, चार वर्षांपूर्वीचे नऊ लाख अडकलेत.’ उधारीच्या वसुलीच्या दाव्याची मुदत ३ वर्षं. नुसता कायदा शिकलेला माणूस बिलाची तारीख बघून नकारार्थी मान हलवेल. पण फाइलच्या तळाशी एक कागद असतो, ज्याकडे व्यापाऱ्याचंही लक्ष नसतं: बॅलन्स कन्फर्मेशन. ३१ मार्चला तुमच्याकडे आमची एवढी बाकी येणे आहे, बरोबर असल्यास सही करून पाठवा. ऑडिटरने मागितलं म्हणून मुनिमाने पाठवलेलं, समोरच्याने सही-शिक्का मारून परत केलेलं. ऑडिटला तो एक सोपस्कार. मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ प्रमाणे मात्र, मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने लेखी आणि सहीनिशी देणं कबूल केलं की त्या सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. बुडाली म्हणून सोडलेली रक्कम त्या एका कागदावर पुन्हा मागता येते. तो कागद कुठे शोधायचा, हे ऑडिटिंगच्या पेपरात कळतं; तो कशाला शोधायचा, हे मुदत कायद्याच्या पेपरात.

हीच गोष्ट मोठ्या आकड्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. कंपनीने स्वतःच्या बॅलन्स शीटमध्ये बँकेचं कर्ज दाखवलं, तर ती कर्जाची कबुली होते का? दिवाळखोरी संहितेखालच्या प्रकरणांत यावर बराच घोळ होता. एप्रिल २०२१ मध्ये बिशाल जैस्वाल प्रकरणात कोर्टाने सांगितलं की होऊ शकते, पण नोंदीबरोबर दिलेल्या टिपा आणि ऑडिटरचा अहवाल वाचून प्रत्येक प्रकरणात ठरवावं लागेल. म्हणजे बॅलन्स शीटखालच्या बारीक अक्षरातल्या टिपेवर कोट्यवधींचा दावा जगतो किंवा मरतो. ती टीप न घाबरता वाचणारा वकील अशिलाला हवा असतो.

आणखी एक उदाहरण आपल्या यंत्रमागवाल्यांच्या जिव्हाळ्याचं. लघुउद्योजकाकडून माल घेतला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, हे २००६ च्या कायद्यात होतंच, पण फारसं कुणी मनावर घेत नव्हतं. मग आयकर कायद्यात तरतूद आली की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळणार नाही. २०२४ च्या मार्चअखेरीला कापड बाजारात केवढी धावपळ झाली! व्यवहार एकच, पण त्याला वसुलीचा कायदा लागतो, कराचा लागतो आणि वहीतली नोंदही लागते. ज्याला तिन्ही दिसतात त्याच्याकडे काम चालत येतं.

तुमच्या सीएच्या विचाराशी हे असं जुळतं: आयकर अपील न्यायाधिकरणापुढे किंवा एनसीएलटीपुढे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) सीए स्वतः उभा राहू शकतो. पण तिथला निकाल विरुद्ध गेला आणि पुढे हायकोर्टात जायचं ठरलं की फाइल वकिलाकडेच येते. मुंबईत न्यायाधिकरणं, सेबी, हायकोर्ट सगळं एका शहरात आहे. पुण्यात आणि नागपूरलाही आयकर न्यायाधिकरणाची खंडपीठं आहेत. महाराष्ट्रातल्या मुलांना या कामासाठी दूर जावं लागत नाही.

प्रवेशाचं पटकन सांगते. बारावीला खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के ही किमान अट. राज्याच्या पाच वर्षांच्या लॉ सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, आणि पेपर मराठीतूनही असतो. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, फक्त इंग्रजीत आणि चुकीला पाव गुण वजा. मराठी माध्यमातून आलेल्यांनी आधी सीईटीवरच भर द्यावा असं मी सांगेन.

पण एक लक्षात घ्या: महाराष्ट्रातल्या जुन्या, कमी फीच्या लॉ कॉलेजांत पाच वर्षांचा कोर्स बहुधा कला शाखेच्या विषयांवर बेतलेला असतो. बीबीए एलएलबी काही ठिकाणी आहे. नावात बीकॉम असलेला कोर्स मुख्यतः खासगी विद्यापीठांत सापडतो, आणि तिथली वर्षाची फी लाखांत जाते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांपैकी तिरुचिरापल्लीला बीकॉम एलएलबी ऑनर्स आहे, क्लॅटमधून. नुसत्या ‘बीकॉम’ या तीन अक्षरांसाठी कर्ज काढू नका. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (स्थापना १८५५) किंवा पुण्याचं आयएलएस यांसारख्या ठिकाणी सीट मिळत असेल तर ती घ्या आणि अकाउंट्स स्वतः चालू ठेवा. सुट्टीत एखाद्या सीएच्या ऑफिसात बसून रिटर्न आणि ऑडिटच्या फाइली बघा. सनदेवर (वकिलीच्या परवान्यावर) बीकॉम की बीए, हे कुणी पाहत नाही. बॅलन्स शीट समोर ठेवल्यावर तुम्ही काय बोलता ते सिनिअर पाहतात.

फी भरण्याआधी कॉलेजात दोन गोष्टी विचाराच. बार कौन्सिलची मान्यता या नेमक्या कोर्सला आहे का, आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे. नुसतं ‘कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. दुसरं, कॉर्पोरेट अकाउंटिंग आणि कर हे विषय कोण शिकवतं. पूर्णवेळ प्राध्यापक नसेल तर ते पेपर गाइडवर काढावे लागतात.

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून सनद, मग अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेच्या फीच्या नावाखाली राज्योराज्यी हजारो रुपये घेतले जायचे. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं. कायद्यात लिहिलेले ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५, त्याहून जास्त घेता येत नाही. घरात वकील नसलेल्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर हेही माहीत हवं: मे २०२५ पासून कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला ३ वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. पाच अधिक तीन असा हिशेब घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

आणि पैशांचंही बोलून ठेवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि जिल्हा कोर्टात आजही पुष्कळ ज्युनिअर त्याहून खूप कमी पैशांवर काम करतात. इथे मात्र कॉमर्स खरंच हात देतं. चेक बाउन्सच्या तक्रारीत खात्याचा उतारा लावून हिशेब नीट मांडणारा, जीएसटीच्या नोटिशीचं उत्तर तयार करणारा ज्युनिअर सिनिअरला पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडतो, आणि स्वतःची छोटी कामंही त्याला लवकर मिळू लागतात.

तुमच्या मनात सीए किती आहे हे तपासायचं असेल, तर या सुट्टीत आठवडाभर सीएच्या ऑफिसात आणि आठवडाभर तुमच्या तालुका कोर्टात जाऊन बसा. कोर्टात बसायला कुणाची ओळख लागत नाही, सुनावणी सगळ्यांसाठी उघडी असते. त्यानंतरही ठरत नसेल तर इथेच खाली लिहा, सीईटीचे गुण आणि घरची फीची तयारी दोन्ही सांगा. कॉलेजांची नावं घेऊनच बोलू.