वाचकांचे प्रश्न : थंडीतला दक्षिणेचा जलमार्ग

प्रश्न : आम्ही पती-पत्नी मेरीलँडमध्ये राहतो आणि गेली चार वर्षे चेसापीक उपसागरात आमची ३४ फुटी शिडाची बोट चालवतो. वादळांच्या मोसमासंबंधी विम्याची अट असल्यामुळे आम्हाला लवकर निघता आले नाही. आता नोव्हेंबरअखेर व्हर्जिनियातील नॉरफॉकहून निघून इंट्राकोस्टल जलमार्गाने, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याला समांतर नद्या, खाड्या व कालव्यांतून जाणाऱ्या मार्गाने, फ्लोरिडाला जाण्याचा विचार आहे. मार्ग आतला असल्याने थंडी सोडली तर काळजीचे कारण नाही, असे मित्र सांगतात. हे कितपत खरे आहे? बाहेरून, समुद्रातून गेलो तर लवकर पोहोचू का?
– एक वाचक, मेरीलँड

उत्तर : मार्ग आतला आहे हे खरे, पण थंडी बाजूला ठेवून या प्रवासाचा विचार करता येत नाही. दिवस किती लहान, वारा कोणत्या दिशेचा, पाण्यात पडलेला माणूस किती वेळ हातपाय हलवू शकेल, हे सारे तीच ठरवते.

प्रथम दिवसाचे गणित मांडू. डिसेंबरमध्ये नॉरफॉकला सूर्य सातनंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. अंधारात हा मार्ग चालू नये, कारण अनेक खुणांना दिवे नसतात, खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर पाण्यात असतात आणि खोल पाण्याची पट्टी अरुंद असते. पाच नॉट (ताशी पाच सागरी मैल) वेगाने आठ तासांत सुमारे ४५ मैल होतात. या जलमार्गावरचे मैल सागरी नसून जमिनीवरचे असतात, हे हिशेब करताना विसरू नये. जिथून या मार्गाचे मैल मोजतात त्या नॉरफॉकच्या शून्य मैलापासून फ्लोरिडाच्या उत्तर टोकाचे फर्नांडिना ७१६ मैलांवर आहे. म्हणजे निव्वळ चालण्याचे सोळा दिवस झाले, आणि हवामानासाठी थांबण्याचे दिवस धरले तर महिना. नाताळला अमुक ठिकाणी पोहोचायचेच, असा शब्द कृपया कोणाला देऊ नका. या मार्गावरचे चुकीचे निर्णय बहुधा अशा दिलेल्या शब्दापोटीच घेतले जातात.

सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. डिस्मल स्वॅम्पचा कालवा दोन्ही काठांच्या झाडीमुळे वाऱ्यापासून सुरक्षित आहे, मात्र त्याची खोली सुमारे सहा फूट आहे, लॉक (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजे) ठरलेल्या वेळीच उघडतात आणि पाणी गोडे असल्याने कडाक्याच्या थंडीत त्यावर बर्फाचा पापुद्रा धरू शकतो. ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून जाणारी दुसरी वाट अधिक खोल आहे आणि या दिवसांत मी तीच सुचवेन. डिस्मलने गेलात, तर तो कालवा १७९३ पासून बारा वर्षे गुलाम मजुरांनी हातांनी खोदला, हे मनात असू द्या. तिथेच नावाडी म्हणून राबलेल्या मोझेस ग्रँडी यांना स्वतःचे स्वातंत्र्य तीनदा विकत घ्यावे लागले, कारण पहिल्या दोन वेळी पैसे घेऊन मालकांनी शब्द मोडला.

दोन्ही वाटा उत्तर कॅरोलायनातील आल्बेमार्ल साउंड या मोठ्या खाडीला मिळतात आणि माझ्या मते साऱ्या प्रवासाची खरी परीक्षा तिथेच असते. हे पाणी विस्तीर्ण पण उथळ आहे, त्यामुळे वारा वाढताच आखूड, उभ्या लाटा एकामागोमाग एक येऊ लागतात. कोकणात वाढलेला माणूस सवयीने तिथी पाहून भरती-ओहोटी ठरवतो, पण इथे चंद्राची भरती जवळजवळ नाहीच आणि पाण्याची पातळी वाराच वरखाली करतो. हिवाळ्यातल्या थंड हवेच्या लाटेआधी नैऋत्येचा उबदार वारा वाहतो, मग पाऊस पडतो आणि त्यानंतर वायव्येचा बोचरा, जोरदार वारा सुटतो. आकाश स्वच्छ होते, वारा दक्षिणेकडे ढकलणारा असतो, आणि नेमका याच दिवशी निघण्याचा मोह होतो. तो टाळावा, एक-दोन दिवस नांगर टाकून थांबावे आणि वारा मंदावल्यावर पहाटेच साउंड ओलांडावा.

समुद्रातून जाण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. उत्तर कॅरोलायनातील हॅटरसच्या भूशिराजवळून गल्फ स्ट्रीम हा उबदार सागरी प्रवाह ईशान्येकडे वाहतो, आणि उत्तरेचा वारा त्याच्या विरुद्ध उभा राहिला की लाटा उंच व धोकादायक होतात. शिवाय नॉरफॉक ते उत्तर कॅरोलायनातील बोफर्टपर्यंत वादळी हवेत समुद्रातून निर्धास्त आत शिरता येईल असे खाडीचे मुख नाही. बोफर्टच्या पुढे हवामान चांगले असेल, तर एखादा टप्पा बाहेरून करता येतो.

आता बोटीवरील थंडी. सकाळी डेकवर दव गोठलेले असते. बादलीभर खारे पाणी ओतून ते वितळवावे आणि मगच पुढे पाऊल टाकावे. लाइफ जॅकेट केबिनबाहेर पडण्यापूर्वीच अंगावर हवे आणि एकटे डेकवर असताना छातीच्या पट्ट्याचा सुरक्षा-दोर बोटीला अडकवलेला हवा. थंड पाण्यात पडल्याबरोबर श्वास अनावर होतो. पहिले मिनिट तो सावरण्यात जाते आणि हातपाय कामाचे राहतात ते त्यानंतर सुमारे दहाच मिनिटे. पती-पत्नी दोघेच असताना एकाने दुसऱ्याला वर ओढून घेणे फार कठीण असते, म्हणून याचा सराव चेसापीकमध्येच करून पाहा.

केबिनसाठी धुराडे बाहेर काढलेला डिझेल हीटर उत्तम. स्वयंपाकाच्या शेगडीवर ऊब घेऊ नका. त्यातून ओल वाढते, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या जागेजवळ लावा.

फ्लोरिडाच्या आधी लागणाऱ्या जॉर्जिया राज्यात मात्र तिथीचे ज्ञान पुन्हा उपयोगी पडेल, कारण तिथे भरती-ओहोटीतला फरक सात ते नऊ फूट असतो. हेल गेट आणि जेकिल क्रीकसारख्या गाळ साचलेल्या जागा पाणी चढत असतानाच पार कराव्यात, म्हणजे बोट रुतली तरी थोड्या वेळाने ती आपोआप तरंगते. फर्नांडिना आले की थंडी संपली, असेही समजू नका. उत्तर फ्लोरिडात डिसेंबरच्या रात्री गोठणबिंदूजवळ जाऊ शकतात आणि खरी ऊब केप कॅनाव्हरलच्या दक्षिणेला लागते. हीटरचे डिझेल तिथवर पुरेल इतके जवळ ठेवा.