‘आनंद करा’ हे अनेकवचन आहे

प्रिय लेकी,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले आणि उत्तर आज शनिवारी लिहीत आहे. मध्ये दोनदा लिहायला बसले, पण गेल्या आठ महिन्यांत तुला सगळ्यांनी जी वाक्ये ऐकवली तीच माझ्याही हातून उतरू लागली, तेव्हा ते कागद फाडून टाकले. तुझे वडील गेले, नर्सिंगचे तिसरे वर्ष अर्ध्यावर टाकून तुला गावी यावे लागले, आणि आता मेडिकलच्या दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत उभी राहून तू घर चालवतेस. अशा मुलीला सांत्वनाची तयार वाक्ये पाठवू नयेत, एवढे तरी परिचारिकेच्या चाळीस वर्षांच्या नोकरीने मला शिकवले आहे.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कोणीतरी प्रेमाने दिलेली ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ ही चौकट तुमच्या घरात नेमकी वडिलांच्या फोटोशेजारी लागली आहे, ती येता-जाता दिसते आणि टोचते, आणि आनंद होत नाही म्हणजे आपला विश्वासच खोटा असावा असे तुला वाटू लागले आहे. चौकट काढून ठेवावीशी वाटत असेल तर खुशाल काढ; त्याने देवाचा अपमान होत नाही. पण त्याआधी ते वाक्य ज्या पत्रातले आहे ते पत्र एकदा सलग वाच. चारच अध्याय आहेत, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसते तेवढ्या वेळात होतील.

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती मंडळीला, हे लिहिले तेव्हा तो कैदेत होता, हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो आणि तिथेच थांबतो. त्याच पत्रात तो आपला सहकारी एपफ्रदीत याच्या आजारपणाचे लिहितो. हा माणूस मरता मरता वाचला, आणि देवाने त्याच्यावर दया केली ती आपल्यावरही केली, आपल्याला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून केली, असे पौल स्पष्ट म्हणतो. म्हणजे एक दुःख आधीच होते आणि ते तो लपवत नाही. तिसऱ्या अध्यायात तर आपण रडत रडत हे सांगत आहोत असे त्याचे शब्द आहेत. आणि ‘आनंद करा’ या वाक्याच्या जेमतेम दोन ओळी वर युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोन स्त्रियांना तो एकमेकींशी जुळवून घ्या म्हणून विनवतो आहे. रडणे, आजारपण, भांडण, या सगळ्यांमध्ये ते वाक्य बसलेले आहे. चौकटीत घालताना आपण ते आजूबाजूच्या माणसांतून उचकटून काढतो, आणि मग ते टोचते यात नवल नाही.

दुसरी गोष्ट व्याकरणाची आहे, आणि माझ्या मते सगळे मर्म तिच्यात आहे. ‘करा’ हा शब्द तू आदरार्थी एकवचनासारखा ऐकतेस, जणू पौल तुझ्या एकटीकडे बोट दाखवून सांगतो आहे की बाई, तुम्ही आनंद करा. ते अनेकवचन आहे. मूळ ग्रीकमध्येही ती आज्ञा अनेकांना दिलेली आहे. ती सबंध मंडळीला आहे, त्या दोघी भांडणाऱ्या बायकांसकट. आणि मराठीत तर ते आणखी उघड होते, कारण ‘आनंद होणे’ आणि ‘आनंद करणे’ या आपल्याकडे दोन निराळ्या गोष्टी आहेत. आनंद होतो तो आपोआप होतो, त्याला हुकूम देता येत नाही. आनंद करायचा असतो तो सणासारखा, चार जणांनी मिळून. आणि ज्या घरात सुतक आहे त्या घरच्या माणसांनी त्या दिवशी नुसते बसून राहिले तरी चालते, बाकीचे सांभाळून घेतात. तुझ्या छातीत आनंद उमटत नाही हा तुझा अपराध नाही.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. साहेबांना, माझ्या यजमानांना, अर्धांगाचा झटका आला त्याला आता सहा वर्षे झाली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एका रात्रीत गेली. मी जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांचे कुशीपालट केले, अंथरुणाने होणाऱ्या जखमा धुतल्या, आणि घरात तेच काम आले तेव्हा माझी प्रार्थनाच बंद पडली. रागाने नव्हे, शब्द सुचेनात. त्या दिवसांत एका प्रार्थनासभेतून काही मंडळी घरी आली आणि घरात काही लपलेले पाप असेल तर ते कबूल करा असे सांगून गेली. मी त्यांना चहा दिला. आजही त्या चहाचा मला थोडा पश्चात्ताप होतो. शास्त्रात सारे काही गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र आले ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि तेवढे त्यांनी चांगले केले. ते बोलू लागल्यावरच सारे बिघडले.

झटक्यानंतर तिसऱ्या की चौथ्या रविवारी संध्याकाळी आपल्या मंडळीतले चौघे जण पेटी घेऊन आले. त्यांत तुझे वडील होते. मांडीवर तबला घेऊन ते कॉटच्या पायथ्याशी बसले होते. कोणी उपदेश केला नाही. त्यांनी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एक भजन धरले. टिळकांनी अभंगाची आणि कीर्तनाची वाट आपल्या उपासनेत आणली म्हणून आपली मंडळी टाळ-पेटीवर गाते, नाहीतर आपण अजून इंग्रजी चालींतच अडकलो असतो, पण ते असो. पहिले कडवे संपले, दुसरे सुरू झाले, आणि ज्या माणसाला तीन आठवड्यांत ‘पाणी’ हा शब्द उच्चारता आला नव्हता तो शब्दांसकट गाऊ लागला. तोंड वाकडे, अर्धे अक्षर गळलेले, पण शब्द तेच. तुझ्या वडिलांचा हात क्षणभर थांबला आणि मग त्यांनी लय थोडी उतरवली, साहेबांना सोबत घेता यावे म्हणून. 

यात चमत्कार शोधू नकोस. डाव्या मेंदूला मार बसून वाचा गेलेल्या पुष्कळ रुग्णांना पाठ असलेले गाणे म्हणता येते, हे आपल्या धंद्यातल्या माणसांना ठाऊक असते आणि मलाही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पुन्हा ‘पाणी’ म्हणता आले नाही. आजही वीस-पंचवीस शब्दांपलीकडे गाडी जात नाही. पण त्या संध्याकाळी मला कळले की ज्याला स्वतःहून एक शब्द काढता येत नाही त्यालाही दुसऱ्यांनी धरलेल्या सुरात सामील होता येते. माझी प्रार्थनाही तशीच परत आली, उसन्या शब्दांनी. किती तरी महिने मी स्वतःची एकही प्रार्थना केली नाही, फक्त स्तोत्रे वाचली.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की उपासनेला जात राहा, पण गाण्याची सक्ती स्वतःवर करू नकोस. मागच्या बाकावर बस, गप्प बस, इतरांना तुझ्या वाटचे गाऊ दे. रोज रात्री एक स्तोत्र वाच, आणि गोड तेवढीच निवडू नकोस. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाच. ते अंधारात सुरू होते आणि अंधार हाच सोबती उरला असे म्हणून संपते. शेवटी आशेची एक ओळही जोडलेली नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ज्यांनी ते तिथे राहू दिले त्यांना दुःखाची जाण होती. सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासह येणाऱ्या वचनांना उत्तर दिलेच पाहिजे असेही नाही.

दुसरे सांगणे परिचारिकेचे आहे. तू लिहितेस की पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण जात नाही आणि कधी कधी आपण नसतो तर बरे झाले असते असे वाटते. हे शेवटचे वाक्य तू फार हलक्या हाताने लिहिले आहेस, पण मी ते हलक्याने घेणार नाही. या आठवड्यात तालुक्याच्या डॉक्टरांना भेट. मी सोबत येईन, आईला काय सांगायचे ते मी पाहते. ज्या देवाची आपण उपासना करतो त्याला औषधाचे वावडे नाही. मधुमेहाला गोळी घेणारा विश्वासू आणि मनाच्या आजाराला गोळी घेणारा अविश्वासू, असा हिशेब कुठल्याच शास्त्रात लिहिलेला नाही.

आता उद्देशाविषयी. देवाचा माझ्यासाठी काही संकल्प असेल तर तो औषधाच्या खोक्यांवरच्या तारखा तपासण्यात कसा असेल, असे तू विचारतेस. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन, संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत हे, तुला पाठ असेलच. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर ते असतेच. त्याच्या वरचे दहावे वचन मात्र कोणी छापत नाही. त्यात सत्तर वर्षे लिहिली आहेत. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवले, आणि लवकरच सुटका होईल असे सांगणारे संदेष्टे खोटे आहेत असे बजावले. मग करायचे काय? घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. नको असलेल्या गावात, नको असलेल्या वर्षांत करायच्या कामांची ती यादी आहे. मुदत संपलेले औषध म्हाताऱ्याच्या हाती जाऊ न देणे हे काम त्या यादीत बसते असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आपल्याकडे इतकी सांगितली जाते की ती गुळगुळीत झाली आहे. तिचे खडबडीत भाग पाहा. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने विशीच्या आत दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. भावाबरोबर ती पायी, उपाशीपोटी देशभर फिरली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले आणि मुलगी मनोरमा तेव्हा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना मात्र त्यांनी कबूल केले, की त्यानंतर आठ वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त मात्र भेटला नव्हता. आठ वर्षे, आणि त्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या; १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले ते याच वर्षांत. अंतरीचा आनंद अजून यायचा होता आणि काम आधीच सुरू झाले होते. तुझ्यासारख्या मुलीने यातली ही तारीखवार गोष्ट लक्षात ठेवावी.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचवलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. भुकेने माणसाचे काय होते हे ती बाई कोणाला विचारायला गेली नाही. पण म्हणून त्यांना आधी उपाशी ठेवणे हा देवाचाच बेत होता, असे मी म्हणणार नाही, आणि तुझ्या वडिलांविषयी कोणी तसे म्हणाले तर तू ऐकून घेऊ नकोस. १९२१ मध्ये मनोरमाही आईच्या आधी गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या मराठीत शास्त्राचे भाषांतर हाती घेतले होते. लेकीच्या मृत्यूनंतरही ते काम त्यांनी सोडले नाही आणि एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. त्या काळात त्यांना आनंद ‘होत’ होता का, हे आपल्याला कोण सांगणार? त्या मुद्रिते तपासत होत्या.

तुझ्या शिक्षणाचे मी विसरलेले नाही. तिसऱ्या वर्षाचा खंड भरून काढता येतो का, त्यासाठी कोणता अर्ज लागतो, हे माझ्या जुन्या सहकारी बाईंना विचारले आहे. गुणपत्रिकांच्या प्रती तयार ठेव. होईलच असे आश्वासन देत नाही.

उद्याच्या रविवारी नव्हे, पुढच्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे चौघे जण भजनाला येत आहेत. साहेब सकाळपासून डाव्या हाताने पेटीचा भाता हलवून पाहतात. वडिलांचा तबला कॉटखाली चादरीत गुंडाळून ठेवला आहे असे तू लिहिले होतेस; तो तिथेच असू दे, मी तो मागत नाही. फक्त त्यांच्या गाण्याच्या पुस्तकात कडव्यांशेजारी पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत, लय कुठे उतरवायची त्याच्या. ते पुस्तक तेवढे घेऊन ये. आमच्यापैकी कोणालाही त्या पाठ नाहीत.

शेवटची एसटी साडेआठला आहे, पण मुक्कामाच्या तयारीनेच ये.

तुझी,
सिस्टर मावशी