शुक्रपेशींच्या अभ्यासाची सुरुवात फळमाशीपासून करा

साताऱ्यात राहून कीटकांच्या आणि कोळ्यांच्या शुक्रपेशींची उत्क्रांती अभ्यासण्याचा तुमचा विचार उत्तम आहे. मात्र कोळ्यांना लगेच हात घालू नका, आधी पिकलेल्या केळ्यावर येणाऱ्या फळमाश्या पाळा. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीची शुक्रपेशी सुमारे १.८ मिलिमीटर लांब असते, तर तिच्याच प्रजातीतील (genus), पण वेगळ्या जातीच्या ड्रॉसोफिला बायफर्काची जवळपास ५८ मिलिमीटर, म्हणजे नराच्या शरीराहून कितीतरी पट लांब! ज्या जातींत मादीची शुक्र साठवणारी नलिका लांब, त्यांत शुक्रपेशीही लांब आढळते. म्हणून नराबरोबर मादीचेही विच्छेदन करायलाच हवे. नवखे नेमके हेच विसरतात.

विच्छेदन साध्या पाण्यात करू नका, कारण पेशी फुगून खराब होतात. मिठाचे सौम्य द्रावण वापरा.

कोळ्यांत गंमत वेगळी आहे. नर लहानशा जाळ्यावर शुक्राचा थेंब सोडतो आणि तोंडाजवळच्या स्पर्शपादांत तो भरून घेतो. हे स्पर्शपाद शेवटची कात टाकण्यापूर्वीही फुगीर दिसतात, त्यामुळे अपरिपक्व नर हमखास प्रौढ समजला जातो. शिवाय त्यांतील शुक्रपेशी आवरणात गुंडाळलेल्या आणि निश्चल असतात. त्या मेल्या आहेत असे समजून नमुना फेकू नका.

कासच्या पठारावरून वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका. परसबाग पुरेशी आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि वंशवृक्षाची गणिते सध्या बाजूला ठेवा.