एका तारखेवर टांगलेला हक्क: लिथुआनियाचे नागरिकत्व आणि आठवणी

प्रश्न: माझे आजेसासरे १९४४ साली काउनासहून निघाले आणि जर्मनीतल्या निर्वासित छावणीतून पुढे शिकागोला आले. नवरा आणि दोन्ही मुले जन्माने अमेरिकन आहेत. त्यांना लिथुआनियाचे नागरिकत्व मिळेल का? अमेरिकेचे सोडावे लागेल का? आणि मला मिळेल का?

नवऱ्याला आणि मुलांना मिळू शकते, आणि अमेरिकेचे सोडावे लागत नाही. कायदा याला नागरिकत्व 'देणे' म्हणत नाही, 'पुन्हा प्रस्थापित करणे' म्हणतो. सोव्हिएत सैन्याने १५ जून १९४० रोजी देश ताब्यात घेतला, पण लिथुआनियाच्या भूमिकेनुसार राज्य बुडाले नाही, ते बळकावले गेले. म्हणून त्या तारखेआधी जो नागरिक होता, त्याचा हक्क मुले, नातवंडे आणि पतवंडे यांच्यापर्यंत चालत येतो. तुमची मुले या साखळीतली शेवटची पिढी आहेत, तेव्हा नवऱ्याचा आणि मुलांचा अर्ज एकदमच करा. नवऱ्याला नागरिकत्व मिळाल्यानंतर मूल झाले, तर ते जन्मानेच नागरिक ठरते.

तीन गोष्टी कागदावर सिद्ध कराव्या लागतात. पहिली, आजेसासरे १५ जून १९४० पूर्वी नागरिक होते. जुना पासपोर्ट, देशांतर्गत ओळखीचा पासपोर्ट, सैन्यातल्या किंवा सरकारी नोकरीतल्या सेवेची नोंद यांपैकी काही हवे. घरात काहीच नसेल तर काउनासच्या विभागीय अभिलेखागारात पासपोर्टच्या जुन्या फायली आहेत आणि विल्नियसच्या केंद्रीय राज्य अभिलेखागारात सैन्याच्या व सरकारी नोंदी आहेत. नुसता चर्चमधला जन्मदाखला जन्म सिद्ध करतो, नागरिकत्व नाही. दुसरी, त्यांनी ११ मार्च १९९० पूर्वी, म्हणजे लिथुआनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर करण्याआधी, देश सोडला. यासाठी जर्मनीतल्या आरोल्झन अभिलेखागारातली छावणीची कागदपत्रे आणि अमेरिकेच्या नागरिकत्वाची फाइल उपयोगी पडते. तिसरी, प्रत्येक पिढीचे जन्म आणि विवाहाचे दाखले. परदेशी दाखल्यांवर अपोस्टिल (दाखला देणाऱ्या देशाने तो खरा असल्याचे प्रमाणित करणारा शिक्का) आणि सोबत लिथुआनियन भाषांतर हवे. अर्ज 'मिग्रिस' या ऑनलाइन प्रणालीतून स्थलांतर विभागाकडे जातो.

अर्ज अडतात ते बहुधा आडनावांवर. कझलाउस्कस यांची पत्नी कझलाउस्किएने आणि अविवाहित मुलगी कझलाउस्काइते. जोशींच्या घरात जोशीणबाई असाव्यात तसेच हे, फक्त तिथे ते सरकारी कागदावरही असते. अमेरिकेत आल्यावर सगळे कझलाउस्कस झाले, किंवा आडनाव तोडून आखूड केले गेले. प्रत्येक बदलाचा पुरावा, म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा नागरिकत्वाच्या फाइलमधली नोंद, आधीच जोडा.

तुम्हाला स्वतःला मात्र लग्नामुळे आपोआप काही मिळत नाही. नवऱ्यासोबत लिथुआनियात सात वर्षे राहणे, भाषेची आणि राज्यघटनेची परीक्षा आणि आधीचे नागरिकत्व सोडणे, असा तो मार्ग आहे. शिवाय भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले, तर १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते.

प्रश्न: जोहान्सबर्गमधल्या माझ्या सासरचे ज्यू पूर्वज १९०३ साली पानेवेझिसजवळून आले. त्यांचा हक्क चालेल का?

नाही. स्वतंत्र लिथुआनिया १६ फेब्रुवारी १९१८ ला घोषित झाला. १९०३ मध्ये निघालेला माणूस रशियन साम्राज्याचा प्रजाजन होता, लिथुआनियाचा नागरिक कधीच नव्हता. तेच पूर्वज नागरिक म्हणून १९२८ मध्ये निघाले असते, तर मार्ग मोकळा होता. अशा वंशजांचे, त्यांत ज्यूही आले, अर्ज मध्यंतरी 'छळामुळे देश सोडल्याचा पुरावा नाही' या कारणाने फेटाळले जात. २०१६ च्या दुरुस्तीने ती अट गेली.

लिथुआनियन वंशाच्या माणसासाठी वेगळी सोपी वाट आहे. तिच्यात पूर्वज १९१८ आधी गेले तरी चालते, पण दुसरे नागरिकत्व सोडावे लागते. मात्र इथे वंश म्हणजे वांशिक लिथुआनियन. शेकडो वर्षे तिथे राहिलेले लिटवाक, म्हणजे लिथुआनियाच्या भागातले ज्यू, त्यात बसत नाहीत. मला हे खटकते.

आणखी एक खाचखळगा: दोन युद्धांच्या दरम्यान विल्नियस पोलंडकडे होते, ते ऑक्टोबर १९३९ मध्ये लिथुआनियाला मिळाले. १९३० साली विल्नियसहून निघालेल्याच्या हातात पोलिश कागद असतात, लिथुआनियाचे नाही.

प्रश्न: लंडनमधली माझी लिथुआनियन सहकारी २००५ ला आली. ब्रिटिश झाल्यावर तिचे मूळ नागरिकत्व गेले. पणतवाला दोन मिळतात आणि तिला नाहीत, असे का?

कारण राज्यघटनेचे कलम १२. कायद्याने ठरवलेल्या वैयक्तिक अपवादांशिवाय दुहेरी नागरिकत्व नाही, आणि अपवाद दुर्मीळच हवेत, असे घटना न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. ११ मार्च १९९० पूर्वी देश सोडलेले आणि त्यांचे वंशज अपवाद ठरले, स्वातंत्र्यानंतर कामासाठी गेलेले नाही. कलम बदलायला सार्वमतात एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा होकार लागतो. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वेळी मत देणाऱ्यांत जवळपास तीन चतुर्थांश बाजूने होते, तरी एकूण मतदारांच्या हिशेबात संख्या अपुरी पडली.

तिचे मूल जन्मतःच दोन्ही देशांचे नागरिक असेल, तर त्याला दोन्ही ठेवता येतात. तिच्या ओळखीत कुणी नव्याने ब्रिटिश झाले असेल, तर दोन महिन्यांत लिथुआनियाला लेखी कळवणे बंधनकारक आहे. लोक हे लपवतात आणि पुढे पासपोर्ट नूतनीकरणात अडकतात.

प्रश्न: लिथुआनियन भाषा संस्कृतातून आली, हे खरे का?

नाही. दोघी एकाच कुळातल्या दूरच्या बहिणी. 'दिएवस' आणि देव, 'उग्निस' आणि अग्नि, 'सूनुस' आणि सूनु ही साम्ये खरी आहेत. पण तिथे गेल्यावर 'तुमची भाषा आमचीच' असे म्हणू नका. रशियाच्या झारने १८६४ ते १९०४ लॅटिन लिपीतली लिथुआनियन छपाई बंद केली होती, आणि पुस्तके प्रशियातून चोरून आणणारे लोक तिथे वीर मानले जातात.

प्रश्न: मी पुण्याहून काउनासला शिकायला आलो आहे. इथे 'नरसंहार' म्हटले की सोव्हिएत काळ सांगतात, ज्यूंबद्दल कमी बोलतात. हे कसे समजून घ्यावे?

जून १९४१ पासून सुरुवात करा. १४ जूनला सोव्हिएत सत्तेने सुमारे १७,००० जणांना मालगाड्यांत भरून सैबेरियाकडे धाडायला सुरुवात केली. २२ जूनला जर्मन आले आणि काही दिवसांतच ज्यूंची कत्तल सुरू झाली. देशातल्या सुमारे दोन लाख ज्यूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक मारले गेले. हुकूम जर्मन होता, पण अनेक ठिकाणी बंदुका स्थानिक लिथुआनियन हातांत होत्या. १९४४ मध्ये पळालेल्या निर्वासितांनी पहिली आठवण शिकागोच्या शनिवारच्या शाळांत जपली, लिटवाक कुटुंबांनी दुसरी जोहान्सबर्गमध्ये. दोन्ही खऱ्या आहेत. पहिलीने दुसरी झाकली जाते, तिथे अन्याय होतो.

शब्दाचाही प्रश्न आहे. लिथुआनियाच्या फौजदारी कायद्यात नरसंहाराच्या व्याख्येत राजकीय आणि सामाजिक गटही येतात, १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात ते नाहीत. विल्नियसमधल्या केजीबीच्या (सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या) जुन्या इमारतीतले संग्रहालय २०१८ पर्यंत 'नरसंहार-बळींचे' म्हणवत होते, आणि त्यात ज्यूंसाठीची छोटी खोली २०११ मध्ये आली.

योनास नोरेइका यांचे उदाहरण पाहा. सोव्हिएत सत्तेने १९४७ मध्ये मृत्युदंड दिलेला हा प्रतिकाराचा नेता १९४१ मध्ये शिआउलियाई जिल्ह्याचा प्रमुख होता, आणि ज्यूंना घेट्टोत (कोंडून ठेवण्याच्या वस्तीत) पाठवण्याच्या आदेशांवर त्याची सही आहे. हे जाहीरपणे मांडणाऱ्यांत त्याची शिकागोत वाढलेली नातही आहे. विल्नियसमधली त्याची स्मृतिपाटी जुलै २०१९ मध्ये उतरवली गेली आणि सप्टेंबरात समर्थकांनी नवी लावली.

वर्गमित्रांशी बोलताना वाद 'सोव्हिएत की नाझी' असा लावू नका, गाव आणि तारीख विचारा. त्यांच्या घरातले कुणी सैबेरियात गेले असेल, तर ते आधी ऐका. काउनासचा नववा किल्ला पाहा: तिथे २९ ऑक्टोबर १९४१ या एका दिवसात ९,००० हून अधिक ज्यू मारले गेले. विल्नियसला गेलात तर केजीबी संग्रहालयानंतर त्याच दिवशी लोकल गाडीने पानेरियाईलाही जा. त्या जंगलातल्या खड्ड्यांवर सुमारे ७०,००० माणसे मारली गेली, बहुतेक ज्यू. २३ सप्टेंबरला तिथे सरकारी स्मरण-कार्यक्रम होतो.