गावातला एकच पडदा: मूकपटांच्या काळातील थिएटर-मालकांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मूकपटांतील पाट्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना आम्ही ओघात लिहिले होते की, त्या काळी अमेरिकेतील छोट्या गावांचे थिएटर-मालक आपण दाखवलेल्या चित्रपटांवर दोन-चार ओळींचा अभिप्राय लिहून एका व्यापारी साप्ताहिकाकडे पाठवीत असत. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न: हे साप्ताहिक कोणते होते? चित्रपट कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणारे नियतकालिक त्याच कंपन्यांच्या मालाची निंदा छापत असे, यावर विश्वास ठेवणे कठीण जाते.
(एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर: साप्ताहिकाचे नाव ‘एक्झिबिटर्स हेरल्ड’. मार्टिन क्विग्ली यांनी ते १९१५ मध्ये शिकागो येथे सुरू केले आणि दुसऱ्याच वर्षी त्यात ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’, म्हणजे ‘या चित्रपटाने मला काय मिळवून दिले’, हे सदर आले. अभिप्राय वितरक कंपन्यांच्या नावांखाली लावलेले असत. चित्रपटाचे व प्रमुख नटाचे नाव, मग मालकाचे मत, त्याखाली त्याचे नाव, थिएटर, गाव आणि राज्य, आणि शेवटी त्याचा प्रेक्षक कोणत्या प्रकारचा आहे याची नोंद, अशी त्याची मांडणी होती. ही शेवटची नोंद फार मोलाची आहे, कारण आयोवातील हजार वस्तीच्या गावाचा मालक शिकागोच्या उपनगरातील अभिप्राय वाचून फसू नये, यासाठी ती असे.

निंदा छापण्यामागे व्यवहार होता. कंपन्या जाहिरात देत, कारण ते साप्ताहिक हजारो थिएटर-मालकांच्या टेबलावर पडत असे. आणि मालक ते घेत, कारण त्यात आपल्यासारख्याच माणसाचा खरा अनुभव वाचायला मिळे. अनुभव खोटा निघाला असता तर वाचक गेला असता आणि त्याच्यामागे जाहिरातही गेली असती. ज्यांना एवढाही संशय नको होता, त्यांच्यासाठी १९१९ पासून न्यूयॉर्कमध्ये ‘हॅरिसन्स रिपोर्ट्स’ निघू लागले. ते चित्रपटांची जाहिरातच घेत नसे.

प्रश्न: आमच्या वडिलांचा तंबू जत्रांमधून फिरत असे. वितरकाच्या कचेरीत बसून, चार लोकांना विचारून ते डबे ठरवीत. अमेरिकेतल्या मालकाला चित्रपट आधी पाहायला मिळत होता का? नसेल तर तो निवड कशाच्या आधारावर करी?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर: आपल्या वडिलांना ज्या चार लोकांना विचारता आले, ते त्या मालकाजवळ नव्हते, आणि या साऱ्या गोष्टीचे मूळ तेथेच आहे असे आम्हाला वाटते.

ओमाहा, कॅन्सस सिटी, मिनियापोलिस, डॅलस अशा शहरांत वितरकांच्या कचेऱ्या असत आणि तेथून रिळांचे डबे रेल्वेने गावोगाव जात. गावच्या मालकाकडे येई तो कंपनीचा विक्रेता, हातात रंगीत चित्रांचे पुस्तक घेऊन. पुष्कळदा तो जे विकत असे, त्याचे चित्रीकरणही सुरू झालेले नसे. शिवाय एखाद्या लाडक्या नटाचे चार चित्रपट हवे असतील तर त्यांच्याबरोबर आणखी कितीतरी नको असलेले चित्रपट गठ्ठ्याने घ्यावे लागत. या ‘ब्लॉक बुकिंग’बद्दल अॅडॉल्फ झुकर यांच्या ‘फेमस प्लेयर्स-लास्की’ कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९२१ मध्ये तक्रार गुदरली आणि १९२७ मध्ये आदेशही काढला. परंतु ही पद्धत खऱ्या अर्थाने मोडली ती १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, म्हणजे मूकपट संपून दोन दशके होत आल्यावर.

याहून मोठी अडचण वेगळी होती. शहरात चित्रपट आठवडाभर चाले. सोमवारी पाहिलेला माणूस मंगळवारी शेजाऱ्याला सांगे आणि शेजारी बुधवारी तिकीट काढी. छोट्या गावात मात्र एक चित्रपट एक किंवा दोन रात्री लागे, कारण येण्याजोगी सगळी माणसे तेवढ्यात येऊन जात. ‘चांगला आहे, जरूर पाहा’ हे बोलणे किराणा दुकानापर्यंत पोहोचेतो डबे स्टेशनवर गेलेले असत. म्हणून वाईट चित्रपटाचा फटका त्या चित्रपटाला बसतच नसे. तो बसे त्यानंतर लागणाऱ्या चांगल्या चित्रपटाला, कारण लोकांचा रोष थिएटरवर राही. अशा मालकाला चित्रपट आधी लावून चुकलेला, आपल्याएवढ्याच गावातला, ज्याला खोटे बोलण्याचे कारण नाही असा माणूस हवा होता. तो माणूस त्याला या सदरात भेटे. नेब्रास्कातील नीले या गावी थिएटर चालवणारे जे. सी. जेंकिन्स यांचे लिखाण तर वाचकांना इतके आवडू लागले की पुढे त्यांना साप्ताहिकात स्वतंत्र सदर मिळाले आणि ते मोटारीने गावोगावच्या थिएटर-मालकांना भेटत हिंडले.

प्रश्न: या मालकांच्या मते गावाला कोणते चित्रपट आवडत होते? मारामारीचे आणि घोड्यांचे, एवढेच उत्तर असेल तर ते आम्हाला ठाऊक आहे.
(चित्रपट अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर: घोडे होतेच. शनिवारी आसपासचे शेतकरी बाजारहाटासाठी सहकुटुंब गावात येत आणि त्या रात्री टॉम मिक्स, हूट गिब्सन किंवा बक जोन्स यांचा चित्रपट लावणे हा ठरलेला क्रम होता. पाच-सहा रिळांचा मुख्य चित्रपट, जोडीला दोन रिळांचा विनोदी चित्रपट, मोठ्यांना २५ सेंट आणि मुलांना १० सेंट, असा तो सर्रास चालणारा बेत असे. कुत्र्यांचे चित्रपटही हमखास चालत. स्ट्राँगहार्ट आणि नंतर रिन-टिन-टिन यांच्यावर घरातली लहानमोठी सगळी माणसे सारखीच खूश असत. हॅरॉल्ड लॉइडच्या विनोदी चित्रपटांविषयी मात्र दुहेरी सूर दिसतो. लोक पोट धरून हसले, पण भाडे इतके जबर होते की आमच्या हाती काही उरले नाही, अशी ती तक्रार आहे.

आता जे आवडत नसे त्याकडे पाहू, कारण अभ्यासाला तेच अधिक उपयोगी आहे. ऐतिहासिक पोशाखी चित्रपटांचे गावात जमत नसे, आणि एखादा कमालीचा लोकप्रिय नट असला तरच हा नियम मोडे. याला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. मूकपटात नटाच्या चेहऱ्यावरून आणि वावरण्यावरून माणूस ओळखायचा असतो, आणि दिवसभर राबून आलेल्या प्रेक्षकाला केसांचे टोप व झालरी यांच्यातून तो माणूस शोधावा लागे. चार्ल्स रे या नटाचे उदाहरण घ्यावे. लाजरा, भोळा, पण वेळ आली की ताठ उभा राहणारा खेड्यातला तरुण ही त्याची भूमिका गावांनी डोक्यावर घेतली होती. पुढे त्याला मोठे काही करावेसे वाटले आणि १९२३ मध्ये त्याने स्वतःचे पैसे घालून अमेरिकेतल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतकाऱ्यांवर एक पोशाखी चित्रपट काढला. तो साफ पडला आणि रे कफल्लक झाला.

लांबी हाही अडचणीचाच विषय होता. दहा-बारा रिळांचा ‘भव्य’ चित्रपट आला की रात्रीचे दोन खेळ बसत नसत, आणि पहाटे धारा काढायला उठणारा माणूस मध्यरात्रीपर्यंत बसू शकत नसे. तरीही १९२३ चा ‘द कव्हर्ड वॅगन’ दहा रिळांचा असूनही अफाट चालला. बैलगाड्यांचे तांडे घेऊन पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांची ती कथा होती, आणि तो प्रवास ज्यांच्या आईबापांनी केला होता असे लोक तेव्हा अनेक गावांत हयात होते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. खेडूतांना हास्यास्पद करणारे चित्रपट खेड्यांत नाराजी ओढवून घेत. शहरात ज्या प्रसंगाला हशा येई, तेथे गावातले प्रेक्षक गप्प बसत. उलट हेन्री किंग यांचा १९२१ चा ‘टॉलेबल डेव्हिड’ पाहा. तो व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात प्रत्यक्ष जाऊन चित्रित केला होता, दिग्दर्शक स्वतः त्याच राज्यातला होता, आणि त्यातली घरे, कुंपणे, टपालगाडी ही सगळी ओळखीची वाटत. आपल्या जगण्याकडे कोणी आदराने पाहिले की प्रेक्षकाला ते कळते, आणि त्यासाठी त्याला समीक्षेचे शिक्षण लागत नाही. या मालकांना गावंढळ म्हणून बाजूला सारणाऱ्या अभ्यासकांशी आम्ही म्हणूनच सहमत नाही.

प्रश्न: गल्ला चांगला जमला म्हणजे चित्रपट आवडला, असेच हे व्यापारी म्हणणार. त्याला रसिकतेचा पुरावा कसा मानावा?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: हा गोंधळ त्या मालकांच्या मनात नव्हता. जाहिरातीने आणि नटाच्या नावाने गर्दी झाली, पण माणसे खाली मान घालून बाहेर पडली. किंवा पहिल्या रात्री निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण आलेल्या प्रत्येकाने दारात थांबून आभार मानले: हे दोन अनुभव ते वेगवेगळे नोंदवीत. छोट्या गावात मालक स्वतःच दारात उभा असे आणि बाहेर पडणाऱ्या बहुतेकांना नावाने ओळखत असे. हाच त्याचा खरा मापदंड होता. चॅप्लिन यांनी १९२३ मध्ये ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ दिग्दर्शित केला, पण ओळखू न येणाऱ्या एका क्षणाखेरीज ते त्यात दिसत नाहीत. समीक्षकांनी तो गौरवला, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. मोठ्या नावाने दिलेले आश्वासन पडद्यावर पुरे झाले नाही तर काय होते, ते दारात उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत आधी कळत असे.

मात्र अभिप्राय वाचताना बाकीच्या गोष्टी वजा कराव्या लागतात, हे आपले म्हणणे रास्त आहे. पावसाने रस्त्यांचा चिखल झाला की शेतकरी येत नसे. १९२० च्या अखेरीपासून शेतमालाचे भाव कोसळले आणि पुढची काही वर्षे उत्तम चित्रपटांनाही गावांत गर्दी जमेना. प्रिंट शहरांतून फिरून महिन्यांनी येई, तेव्हा तिच्यावर ओरखडे असत, कडेची छिद्रे फाटलेली असत, कधी कथेतला दुवाच कापला गेलेला असे. अशा वेळी ‘कथा कळत नाही’ ही तक्रार दिग्दर्शकावर लादता येत नाही. चर्चचे धर्मोपदेशक, शाळेचे मुख्याध्यापक आणि मालक एकाच रस्त्यावर राहत, म्हणून ‘स्वच्छ चित्रपट’ हे शब्द कौतुक म्हणून वारंवार येतात. त्यामागे मालकाची स्वतःची आवड किती आणि शेजाऱ्यांचा धाक किती, हे प्रत्येक नोंदीपुरते ताडून पाहावे.

प्रश्न: आपल्याकडे थिएटर-मालकांनी असे काही लिहून ठेवले आहे का?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: दर आठवड्याला एकमेकांसाठी लिहिलेले असे काही नाही, परंतु जवळ जाणारी एक गोष्ट आहे. १९२७ मध्ये ब्रिटिश सरकारने मद्रासचे दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली. कमिटीने देशभर प्रश्नावली धाडली, शहरोशहरी साक्षी घेतल्या आणि १९२८ मध्ये अहवाल दिला. साक्षींचे खंड छापलेले आहेत. त्यांत दादासाहेब फाळके यांची साक्ष आहे, तशी चित्रपटगृहे चालवणाऱ्यांचीही आहे. कोणत्या वर्गाला काय रुचते, परदेशी चित्रपट गठ्ठ्याने घ्यावे लागतात का, हे प्रश्न त्यांनाही विचारले गेले. देशी चित्रपट मिळाला तर सामान्य प्रेक्षक त्यालाच अधिक गर्दी करतो हे त्यातून दिसले, आणि परदेशी चित्रपटांत डग्लस फेअरबँक्स यांचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ सर्वांत लोकप्रिय ठरल्याचे नोंदले गेले. फरक एवढाच की, आपला व्यावसायिक सरकारपुढे बोलत होता आणि त्यामुळे जपून बोलत होता. नेब्रास्काचा मालक आपल्याच पंगतीतल्या माणसाशी बोलत होता. फिरत्या तंबूवाल्यांचे अनुभव तर बहुतेक तोंडीच राहिले. बार्शीच्या वाचकांच्या घरी वडिलांच्या वह्या असतील तर त्यांनी त्या जपाव्यात, आणि शक्य झाल्यास त्यांच्या प्रती एखाद्या ग्रंथालयाला द्याव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

प्रश्न: हे जुने अंक आज वाचता येतील का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: होय, आणि विनामूल्य. ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’ने हे अंक स्कॅन करून ठेवले असून ‘लँटर्न’ नावाच्या त्यांच्या शोधयंत्रातून ते शोधता येतात. चित्रपटाच्या नावाने शोध घ्यावा. अक्षरे यंत्राने वाचलेली असल्याने एखादे अक्षर चुकलेले असते, म्हणून नटाच्या नावानेही पाहावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत निघालेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी अवघे १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक आहेत. त्यामुळे आपण शोधलेला चित्रपट बहुधा पाहायला मिळणार नाही. परंतु तो एखाद्या शनिवारी कुठल्याशा गावात लागला होता, तेव्हा पाऊस होता की नव्हता आणि बाहेर पडताना माणसे काय म्हणाली, हे तेथे सापडण्याची शक्यता आहे.